पाकिटरावाचा मालक कुठे गेला?

चल, थोडा वेळ असं समज, की तू टिश्यूचं एक पाकीट आहेस.

हसू नकोस, नीट समज. तू तळहाताएवढं आहेस, चौकोनी आहेस, अंगात पारदर्शक प्लास्टिकचा सदरा आहे. कुणीतरी तुला खिशातून काढलं, हॉकर सेंटरमधल्या, म्हणजे एका छपराखालच्या खाण्याच्या दुकानांमधल्या, एका गोल टेबलावर ठेवलं आणि ते जेवण आणायला निघून गेलं. सिंगापुरात याला 'चोप' करणं म्हणतात. टेबलावर टिश्यूचं पाकीट दिसलं की समजायचं, ही जागा धरलेली आहे, इथे बसायचं नाही. पाटी नाही, कुलूप नाही, पहारेकरी नाही. फक्त तू. भोवती दुपारच्या जेवणाची गर्दी. वाफाळत्या सुपाचे ट्रे सावरत जागा शोधणारी माणसं. समोरच्या खुर्चीच्या पाठीवर एक साळुंकी बसलेली, मान तिरकी करून तुझ्याकडेच बघतेय. या सगळ्यांपासून तुला ती जागा राखायची आहे. तुला हात नाहीत, पाय नाहीत आणि ओरडलास तरी तुझा आवाज कुणाला ऐकू जात नाही.

काय करशील?

क्षिप्रालाही एका दुपारी हाच प्रश्न पडला होता. ती अकरा वर्षांची. बुकित पंजांगला नवव्या मजल्यावर आई-बाबांबरोबर राहते. तिच्या खोलीच्या खिडकीतून एलआरटीची छोटी रेल्वेगाडी दिसते, झाडांच्या शेंड्यांवरून तुरुतुरु जाणारी. तर त्या दुपारी आई भात आणायला गेली होती, क्षिप्रा टेबलाशी एकटी बसली होती आणि शेजारच्या टेबलावर एक पाकीट असंच एकटं बसलं होतं. क्षिप्राने वहीच्या मागच्या पानावर त्याला दोन डोळे काढले. मग भुवया काढल्या, काळजीने वर चढलेल्या. मग एक मिशी. मिशी आल्यावर त्याला नाव देणं भागच होतं. त्याचं नाव झालं पाकिटराव.

घरी आल्यावर तिने पाकिटरावाची गोष्टच काढली. काळ्या पेनने, कागदावर, एकाखाली एक चौकटी. बाबांनी फोनवर त्यांचे फोटो काढून दिले, ते एकाखाली एक जोडले आणि इंटरनेटवर चित्रकथांची पानं असतात तिथे पाकिटरावाचंही एक पान उघडलं. असं पान उघडायला तेरा वर्षं पूर्ण लागतात, म्हणून ते पान बाबांच्या नावावर होतं. तिथे येणारा प्रत्येक अभिप्राय आधी बाबा वाचत, मग क्षिप्रा वाचे. घरातला नियमच होता तो.

दर रविवारी संध्याकाळी सहा वाजता नवा भाग. गोष्ट इंग्रजीत होती, म्हणजे वर्गातल्या सगळ्यांना वाचता यावी. पण पाकिटराव घाबरला की मराठीतच घाबरायचा. 'बाप रे!' असं मोठ्या, थरथरत्या अक्षरांत. एका भागात त्याच्यावर साळुंकी चालून आली. एका भागात एक म्हातारे काका त्याला बाजूला सारून बसायला निघाले आणि पाकिटराव टेबलाला असा घट्ट चिकटला की काकांनी हात टेकले. शेवटच्या चौकटीत दर वेळी मालक परत यायचा, हुश्श म्हणून बसायचा, आणि पाकिटराव मिशीवर ताव द्यायचा. 

हळूहळू त्रेसष्ट वाचक झाले. तुला वाटेल, त्रेसष्ट म्हणजे काय फार? पण त्रेसष्ट माणसं एका खोलीत उभी करून बघ. आई नीता म्हणाली, "आपल्या हॉलमध्ये मावणार नाहीत गं एवढी." क्षिप्राच्या वर्गात तर गंमतच झाली होती. पीटीच्या सरांनी मैदानाला आणखी दोन फेऱ्या सांगितल्या, की चिनी, मलय, तमिळ, सगळी मुलं एका सुरात म्हणायची, "बाप रे!"

आणि मग तो भाग आला, ज्याची ही गोष्ट आहे.

सोमवारी सकाळी क्षिप्राच्या शाळेचं तीन दिवसांचं शिबिर होतं. रविवारी बॅग भरायची, टॉर्च शोधायचा, डासांचं औषध आणायचं, मोज्यांवर नाव लिहायचं, या गडबडीत पावणेसहा वाजले आणि शेवटची चौकट राहिलीच. मालक परत येतो ती. काढायला वेळच नव्हता. क्षिप्राने पेनचं टोक चावलं आणि त्या जागी फक्त एक ओळ लिहिली: 'मालक अजून आला नाही. कुठे गेला असेल? तुम्हीच सांगा!'

"बाबा, मी नसताना लोकांनी काही लिहिलं तर उत्तर देशील ना? वाट बघायला लावू नकोस कुणाला."

"चिंता नको," बाबा म्हणाले. "हे तर माझं रोजचं काम."

ते खरंच होतं. बाबा, म्हणजे निशिकांत, एका मोठ्या बँकेत होते आणि ग्राहकांच्या पत्रांना वेळेवर आणि अदबीने उत्तर जातंय ना, हे पाहणं त्यांच्याकडे होतं. क्षिप्रा निर्धास्त होऊन शिबिराला गेली.

बुधवारी दुपारी ती परत आली, मातीने माखलेली, घोगऱ्या आवाजाची आणि अतिशय खूश. परतीच्या बसमध्येच तिची मैत्रीण हुई मिन तिला म्हणाली होती, "थँक यू हं, माझं मांजर घेतल्याबद्दल!" कुठलं मांजर, ते क्षिप्राला कळलं नव्हतं. घरी आल्यावर आंघोळ करून ती बाबांच्या लॅपटॉपसमोर बसली. घरून काम करत होते म्हणून बाबा शेजारीच होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा भाव होता, जसा तुझ्या चेहऱ्यावर न सांगता स्वतःचं कपाट आवरल्यावर असतो.

"सत्तावीस अभिप्राय," ते म्हणाले. "सत्तावीसच्या सत्तावीस जणांना चोवीस तासांच्या आत उत्तर. यादीसुद्धा केलीय. बघ."

क्षिप्रा वाचू लागली. हुई मिनने लिहिलं होतं, की मालकाला एक मांजर दिसलं आणि तो त्याच्या मागे मागे गेला. वुडलँड्स भागातल्या कुणीतरी लिहिलं होतं, की मालक पूल ओलांडून मलेशियातल्या जोहोरला पेट्रोल भरायला गेला आणि तिथल्या वाहनांच्या रांगेत अडकला. एकाच्या मते त्याला एलआरटीत झोप लागली होती आणि तो बुकित पंजांगला गोल गोल फेऱ्या मारत होता. एकाच्या मते तो एका लांबलचक रांगेत उभा होता, रांग कशाची आहे हे त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. नाशिकहून तिच्या मनोहर आजोबांनी लिहिलं होतं, 'पोस्टात गेला असणार. तिथे जेवणाची सुट्टी झाली असणार.' पाच जणांनी लिहिलं होतं, की मालक संडासात आहे. 

क्षिप्रा हसून हसून खुर्चीवरून घसरायची बाकी होती. आणि मग तिने हुई मिनच्या मांजराखालचं उत्तर वाचलं. मराठीत सांगायचं तर ते असं होतं:

'प्रिय वाचक, आपल्या अभिप्रायाबद्दल मनःपूर्वक आभार. आपली सूचना नोंदवून घेण्यात आली असून पुढील भागात तिचा समावेश करण्यात येईल. आपला विश्वासू, पाकिटराव.'

क्षिप्राचं हसू जरा कमी झालं. तिने जोहोरखालचं उत्तर पाहिलं. तेच. एलआरटीखाली तेच. पोस्टाखाली तेच. संडासाखाली पाचही वेळा तेच.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "तू सगळ्यांना हेच लिहिलंयस?"

"सगळ्यांना. एकाला एक आणि दुसऱ्याला एक असं नसतं करायचं. बँकेत तर बिलकूल चालत नाही."

"पण पुढच्या भागात घेऊ म्हणालास! सत्तावीस जणांना!"

"मग? सूचना चांगल्या आहेत की."

"बाबा, can't lah!" सिंगापुरी बोलीतला 'लाह' तिच्या तोंडून निघालाच. "एक माणूस आहे तो! एकाच वेळी जोहोरला आणि संडासात कसा असेल?"

बाबांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. "हं," ते म्हणाले. "हे लक्षात नाही आलं." मग म्हणाले, "एक शुद्धिपत्रक काढू का? 'पूर्वी कळवण्यात आलेल्या मजकुरात अनवधानाने...'"

"नको!"

"अगं, चूक माझी आहे. माफी मी मागतो. सत्तावीस जणांची."

क्षिप्राने पुन्हा मांजराखालचं उत्तर उघडलं. बसमधली हुई मिन तिला आठवत होती. हुई मिन फोनवर सगळ्या बसला काय दाखवत होती, ते तिला आता कळलं. 'पाकिटरावाने स्वतः मला पत्र लिहिलंय,' असं सांगत होती ती. कुणाकुणाला तर वाटलं होतं, की पाकिटराव असा सरकारी थाटात बोलतो हीच गंमत आहे. 

शिवाय क्षिप्राला आणखी एक गोष्ट ठाऊक होती, जी बाबांना ठाऊक नव्हती. गेल्या वर्षी ती एक चित्रकथा वाचायची, एका उडणाऱ्या कासवाची. तिने त्या चित्रकाराला लिहिलं होतं, की कासवाला एक बहीण हवी. 'नक्की काढतो,' असं उत्तर आलं होतं. क्षिप्राने पाच आठवडे बहिणीची वाट पाहिली. ती भांडली नाही, रागावली नाही, तिने पुन्हा काही लिहिलंही नाही. तिने फक्त ते पान उघडणं बंद केलं. वाचक असे जातात. दार आपटत नाहीत. आणि रविवारी सहा वाजता तिचे सत्तावीस वाचक आपापली गोष्ट शोधायला येणार होते.

"मी काढते," क्षिप्रा म्हणाली. "सत्तावीसच्या सत्तावीस."

गुरुवारी तिने एकेका सूचनेची एकेक चिठ्ठी केली आणि सगळ्या जमिनीवर मांडल्या. मालकाला आधी मांजरामागे पाठवलं, मांजर एलआरटीत चढलं, मालक एलआरटीत झोपला, जागा झाला तो वुडलँड्सला... पण ती एलआरटी वुडलँड्सला जात नाही. चिठ्ठ्या पुन्हा मांडल्या. आता पोस्ट जोहोरमध्ये गेलं. एकाने लिहिलं होतं, की मालक भूत आहे. दुसऱ्याने लिहिलं होतं, की तो दाताच्या डॉक्टरकडे गेलाय. भुताचे दात कोण बघणार? शुक्रवारी शाळेतून आल्यावर तिने आणखी तीन वेळा मांडणी केली. तीनही वेळा गोष्ट अशी झाली, जशी घाईत भरलेली बॅग होते. सगळं आत कोंबलेलं आणि काहीच सापडत नाही. 

आईने दारातून डोकावून पाहिलं. "काय गं, जमतंय?"

"नाही."

"कुणाला वगळलं तर?"

"कुणाला वगळू ते तू सांग."

आईने एक चिठ्ठी उचलली, वाचली, हसली, परत ठेवली. दुसरी उचलली, तीही ठेवली. "छे बाई," ती म्हणाली, "मलाही नाही जमणार," आणि पोळ्या करायला गेली.

शनिवारी दुपारी तिघं हॉकर सेंटरमध्ये जेवायला गेले. गर्दी नेहमीसारखीच. आईने टेबलावर आपली घडीची छत्री ठेवली आणि क्षिप्राला म्हणाली, "बस तू, आम्ही आणतो." क्षिप्रा हनुवटी टेकवून बसली. डोक्यात मालक अजून धावतच होता, मांजरामागून पोस्टाकडे, पोस्टातून संडासात. तिची नजर सहज आजूबाजूला फिरली. शेजारच्या टेबलावर एक पाण्याची बाटली जागा धरून बसली होती. त्याच्या पलीकडे गळ्यात घालायचं ऑफिसचं ओळखपत्र, पट्ट्यासकट. त्याच्या पलीकडे पाकीट. आणखी एक पाकीट. एक टोपी. माणसं सगळी रांगांमध्ये, आणि टेबलांवर त्यांच्या वस्तू, एकमेकींकडे तोंडं करून. बाटली किंचित ओळखपत्राकडे कललेली. अगदी असं वाटत होतं, की...

क्षिप्रा ताठ बसली.

अगदी असं वाटत होतं, की ती दोघं कुजबुजतायत.

"बाबा!" आईबाबा ट्रे घेऊन येतायत तोच तिने हाक मारली. "मालकाने कुठे जायचंच नाहीये!"

"म्हणजे?"

"तो कुठे गेला ते कुणालाच माहीत नाही. या सगळ्यांना फक्त *वाटतंय*! ही छत्री म्हणते, मांजरामागे गेला. बाटली म्हणते, छे, जोहोरला गेला. ओळखपत्र म्हणतं, मी स्वतः पाहिलं, संडासात! सगळे एकाच वेळी बोलतायत. अफवा आहेत बाबा, सगळ्या अफवा!"

बाबांनी ट्रे ठेवला. "पण 'समावेश करण्यात येईल' म्हटलं होतं. त्यात हे बसतं का?" त्यांनी स्वतःच विचार केला. "बसतं. पूर्णपणे बसतं."

"जेवा आता," आई म्हणाली, "तुमचं सूप थंड होतंय ही खरी बातमी."

त्या दुपारी क्षिप्राने असं काढलं, असं काढलं, की अंधार पडला आणि आईला येऊन दिवा लावून जावं लागलं. टेबलामागून टेबल. मांजराची अफवा अर्थातच हुई मिनसारखी दोन वेण्यांची टोपी सांगत होती. पोस्टाची गोष्ट सांगायला तिने एक जुनी, दांड्याची, काळी छत्री काढली आणि तिला मनोहर आजोबांसारखा जाड काड्यांचा चष्मा घातला. संडासवाली पाच पाकिटं एका ओळीत बसून एकदम ओरडत होती. आणि मधोमध पाकिटराव, प्रत्येक अफवेला आणखी आणखी पांढरा पडणारा.

चिठ्ठ्या एकेक करत संपत आल्या. उरली ती शेवटची.

ती चिठ्ठी क्षिप्रा गुरुवारपासून सारखी खाली सरकवत होती. लिहिणारीने नाव दिलं नव्हतं. तिने लिहिलं होतं: 'मी हॉकर सेंटरमध्ये टेबलं पुसते. नातू मला तुझी गोष्ट दाखवतो. मालक येणार नाही लाह. जेवला, विसरला, ऑफिसला गेला. रोज चार-पाच पाकिटं राहतात.' खाली बाबांचं उत्तर होतं, पुढील भागात समावेश करण्यात येईल.

ही अफवा नव्हती. हे एखाद्या बाटलीच्या तोंडी घालून चालणार नव्हतं. हे सांगणारीला खरं काय ते माहीत होतं. आणि पाकिटरावाचा मालक तर दर वेळी परत येत होता. तो आला नाही, तर पाकिटरावाचं काय होणार?

"हिला मी काय उत्तर देऊ आता?" क्षिप्राने विचारलं.

"उत्तर तर मी दिलंय," बाबा म्हणाले आणि पुन्हा चष्मा पुसू लागले.

क्षिप्राने त्या ओळी पुन्हा वाचल्या. मग तिच्या लक्षात आलं, की सत्तावीस लोकांनी इतकं सगळं सांगितलं, पण त्यांना उलट कुणी काहीच विचारलं नाही. तिने लॅपटॉप पुढे ओढला आणि लिहिलं: 'आंटी, मग राहिलेल्या पाकिटांचं तुम्ही काय करता?' बाबांनी ते वाचलं, होकारार्थी मान हलवली, आणि प्रश्न गेला.

रविवारी सकाळी क्षिप्रा ब्रश तोंडात घेऊनच लॅपटॉपपाशी गेली; बाबा आधीच तिथे वाचत बसले होते. उत्तर आलं होतं.

'डबा आहे माझ्याकडे. त्यात ठेवते. कुणाचं पोर सूप सांडतं. कुणी तिखट सांबाल जास्त घेतो आणि रडतो. मग देते.'

क्षिप्राने ते दोनदा वाचलं. मग ब्रश तोंडात तसाच ठेवून पेन शोधायला धावली.

आता तुला एक गुपित सांगतो. फोनवर वाचायच्या चित्रकथेत दोन चौकटींमध्ये जी रिकामी जागा असते ना, ती रिकामी नसते. ती जागा म्हणजे वेळ. जागा थोडी, तर वेळ थोडा. जागा मोठी ठेवली, की वाचणाऱ्याचा अंगठा खाली, खाली, खाली जात राहतो आणि त्यालाही वाट बघावी लागते. क्षिप्राने सगळ्या अफवा संपल्यावर एक चौकट काढली: टेबलं रिकामी झालीत, बाटली गेली, छत्री गेली, पाचही पाकिटं आपापल्या खिशात गेली. पाकिटराव एकटा. आणि त्याखाली तिने पांढरी जागा सोडली. एवढी लांब, की बाबांना वाटलं, फोटो जोडताना काही चुकलं.

"हे काढून टाकू का?"

"अज्जिबात नाही. तो वाट बघतोय."

त्या जागेच्या खाली एक हात आला. फडकं धरलेला, सुरकुतलेला. त्याने पाकिटरावाला उचललं आणि एका डब्यात ठेवलं. डब्यात आणखी पाकिटं होती, आणि ती मुळीच दुःखी नव्हती. 'ये, ये, बस,' ती म्हणाली, 'कुणाचा होतास?' पाकिटराव सांगणार, तोच झाकण उघडलं. बाहेर एक छोटा मुलगा उभा, तोंड लाललाल, डोळ्यांतून घळाघळा पाणी, हातात सांबालचा चमचा. आंटीच्या हाताने पाकिटरावाचा प्लास्टिकचा सदरा उघडला. आजवर कधीच कुणी उघडला नव्हता. पाकिटराव म्हणाला, 'बाप रे!' पण या वेळी अक्षरं थरथरत नव्हती. पहिला टिश्यू बाहेर आला आणि शेवटच्या चौकटीत त्या मुलाचं नाक पुसलं गेलं.

आईने चित्र हातात घेतलं. "अगं, पण असा एकेक टिश्यू गेला तर पाकिटराव संपेल की!"

"अजून नऊ आहेत," क्षिप्रा म्हणाली. "नऊ टिश्यू म्हणजे नऊ माणसं. प्रत्येकाची एक गोष्ट."

आईने चित्र अलगद खाली ठेवलं. "बाप रे," ती म्हणाली.

सव्वापाच वाजता बाबा आपली यादी घेऊन बसले. या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. क्षिप्रा चौकट दाखवी, बाबा खूण करत. मांजर, आहे. जोहोर, आहे. पोस्ट, आहे. भूत, आहे. दाताचा डॉक्टर, भुतापासून वेगळा, आहे. आंटी, आहे. 

"एकोणीस नंबर राहिला," बाबा म्हणाले.

"कोण एकोणीस?"

बाबांनी लॅपटॉप वळवला. एकोणीस नंबरच्या वाचकाने एवढंच लिहिलं होतं: 'हा हा हा.' आणि खाली उत्तर होतं: 'आपली सूचना नोंदवून घेण्यात आली असून पुढील भागात तिचा समावेश करण्यात येईल.'

क्षिप्राने बाबांकडे पाहिलं. बाबांनी छताकडे पाहिलं. स्वयंपाकघरातून आईचं हसू ऐकू आलं, आधी दाबलेलं, मग मोकळं.

"शब्द म्हणजे शब्द," क्षिप्रा म्हणाली आणि पाच पाकिटांच्या मागच्या कोपऱ्यात तिने चिली सॉसची एक बाटली काढली. बाटली काहीच सांगत नव्हती. टेबलावर आडवी पडून, पोट धरून ती फक्त हसत होती. हा हा हा.

सहा वाजता भाग वर गेला.

पहिली दहा मिनिटं काहीच झालं नाही. क्षिप्रा खिडकीपाशी जाऊन आली, पाणी प्यायली, पुन्हा खिडकीपाशी गेली. मग टिंग झालं. हुई मिन: 'माझी टोपी!!! माझ्या वेण्या!!!' मग टिंग, टिंग. संडासवाल्या पाच जणांपैकी तिघांना एकमेकांचा पत्ता लागला होता आणि ते आपसांतच गप्पा मारत होते. वुडलँड्सवाल्याने लिहिलं, की तो हे वाचताना खरंच जोहोरच्या रांगेत बसलाय. एकोणीस नंबरने लिहिलं: 'तो मी आहे! ती बाटली मी आहे!' कुणीतरी लिहिलं, की पांढऱ्या जागेत त्याचा अंगठा दुखला. आजोबांनी लिहिलं, 'चष्मा छान. पोस्टाचं मात्र मी खरंच सांगत होतो.'

बाबा एकेक वाचत होते आणि पुढे सरकवत होते. त्यांची बोटं वळवळत होती, पण त्यांनी अजून एकही उत्तर लिहिलं नव्हतं.

सगळ्यांत शेवटी आंटीचा अभिप्राय आला. सत्तावीसपैकी क्षिप्रा ज्याची वाट बघत होती, तो हाच.

'नातवाने मोठं करून दाखवलं. हात माझ्यासारखाच काढलास. डबा पण बरोबर. पण माझ्या डब्याचं झाकण निळं आहे.'

"निळं," बाबा म्हणाले. त्यांचा हात आपोआप कळफलकावर गेला आणि ते पुटपुटत लिहू लागले, "प्रिय वाचक, आपली सूचना नोंदवून..."

क्षिप्राने त्यांचं मनगट धरलं, हात अलगद उचलला आणि त्यांच्याच मांडीवर ठेवला. मग तिने रंगपेटी उघडली, तिच्यात होते तेवढे सगळे निळे रंग बाहेर काढले, कोऱ्या कागदावर चार झाकणं काढली, चारही वेगवेगळ्या निळ्यांनी रंगवली, खाली एक, दोन, तीन, चार असे आकडे घातले, त्याचा फोटो आंटीला पाठवला आणि सोबत लिहिलं: 'यांतलं कुठलं?'